हणमंताला मारणाऱ्याची चूल

आज सकाळी मला बिनसाखरेचा चहा देण्यात आला.

या अत्याचाराची दखल कोणीही घेतलेली नाही. ना शेजाऱ्यांनी, ना पोटच्या पोरांनी. साखरेचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर गेलाय आणि बायको म्हणते, "स्टूल घेऊन चढा की."

असो.

आज हणमंताला जाऊन वर्ष झालं.

हवालदार हणमंत, रिटायर्ड. वाईच्या शाळेपासूनचा माझा दोस्त. बॉर्डरवर ज्याला गोळी शिवली नाही, त्याला साताऱ्याच्या हॉस्पिटलात एका जंतूनं खाल्लं.

नव्या बुटानं अंगठ्याला फोड आला. शुगरनं पाय बधिर झालेले, त्याला कळलंच नाही.

आधी अंगठा कापला. मग पाऊल. मग फोन आला.

जंतूचं नाव रिपोर्टवर होतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. मी ते पाठ केलं. शत्रूचं नाव नीट घ्यावं, एवढी शिस्त मला आहे.

जन्मभर मी पेपरात पुढाऱ्यांची सालं काढली. ते वाचून चिडतात तरी. या हरामखोराला वाचताच येत नाही.

मला सूड हवा होता. अजून हवाय.

म्हणून गेल्या महिन्यात सांगली गाठली. हणमंताची लेक पूनम तिथं मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करते. म्हटलं, "मला तो दाखव."

तिनं झाकण लावलेली एक थाळी पुढं धरली. आत रक्त घालून केलेली लालभडक जेली, वर सोनेरी ठिपके. दिसायला बुंदीचे दाणे.

"जाळ याला."

"काका, हा तुमच्या नाकात पण असेल. गप पडून."

मी नाक पुसलं. ती हसली नाही.

प्रत्येक ठिपक्याभोवती रक्त विरघळून फिकट कडं पडलं होतं. ते त्याचं विष.

"हे फुकट बनत नाही, काका. तो आधी साखर फोडतो, त्यातून ताकद काढतो. साखर किती आलीय ते त्याला आतून कळतं. भरपूर असली की विषाचं बटण दाबलं जातं. त्याचं जेवण आणि त्याचं हत्यार, दोन्ही एकाच चुलीवर."

मग दुसरी थाळी. ठिपके तेच. कडं जवळजवळ नाहीच.

"याच्यातला साखरेचा अंदाज घेणारा जीन मोडलाय. जिवंत आहे. पण चावत नाही."

सूड असावा तर असा! शत्रू जिवंत आणि दात पाडलेले. मी त्या लॅबमध्ये टाळी वाजवली.

"शाब्बास! आता याची चूल विझवायचं औषध काढ."

पूनमनं थाळ्या खाली ठेवल्या.

"काढू की. पण अण्णांच्या अंगात ती चूल कोण पेटवत हुतं, काका?"

इथं खुलासा करणं भाग आहे.

हणमंताच्या लेखी शुगर टेस्ट म्हणजे इन्स्पेक्शन. साहेब येणार म्हटलं की बॅरक चकाचक. तसं टेस्टच्या आधी दोन दिवस नुसती भाकरी आणि कारलं. रिपोर्ट झकास. डॉक्टर खूश. गोळी वाढायची ती राहिली.

लॅबमधून बाहेर पडलं की, "पास झालो गड्या! आण जिलेबी!"

पुडी मीच आणायचो. दरवेळी.

पूनम म्हणाली, "तीन महिन्यांची शुगर दावणारी टेस्ट करा म्हणून तुमा दोघांस्नी किती येळा सांगितलं? ती दोन दिवसांत चकाचक हुत न्हाई. अण्णा म्हणायचे, तुझा काका करंल तवा मी करतो."

आणि काका म्हणायचा, आधी हवालदारसाहेब.

इतक्या पुढाऱ्यांना जे जमलं नाही, ते या पोरीनं एका वाक्यात केलं. आरोपी म्हणून मलाच उभं केलं.

तर जंतू महाशय, वैर कायम. पूनम तुमच्या चुलीचं बघेल. माझ्याकडून मिळणारी रसद बंद.

तुमचा एक साथीदार मी होतो. त्यालाही सोडणार नाही.

हणमंता, लेका, लय छळलंस. लय आठवतोस. जा आता, आराम कर.

काल वाईच्या लॅबमध्ये हात पुढं केला. तीन महिन्यांचीच टेस्ट. आदल्या दिवशी नेहमीसारखं जेवून, काहीही चकाचक न करता. आकडा वाईट आहे. तुम्हाला सांगणार नाही.

पूनमला रिपोर्ट जसाच्या तसा पाठवला.

तिचं उत्तर आलं, "मिळाला, काका."