जयंतीच्या आधी सुजलेला हात

जयंती तोंडावर आली होती. पिंगळीचं आमचं घर चुन्यानं पांढरं करायचं होतं. जावेच्या हाताला सफाई नाही म्हणून आढ्यापर्यंतच्या भिंती मी एकटीनंच घेतल्या. स्वभावच मेला तसा, दुसऱ्याचं काम डोळ्याला पटायचं नाही. दिवस मावळेपर्यंत मान वर, उजवा हात वर आणि कुंचा.

काम उरकलं आणि हात सुजला. निळसर, जड, बांगड्या रुतायला लागल्या. "चुना बाधला," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. त्यांनी तेल चोळलं, हळद बांधली. मला वाटलं, बरं झालं, जावेला कळेल तरी मी किती राबले.

पुढं एका दुपारी लेकराला पाजताना छातीत सुई खुपसल्यागत कळ आली. श्वास आत जाईना. खोकले तर पदरावर रक्त. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि लेकरू माझ्या मांडीवरून उचललं. खोकल्यात रक्त म्हणजे टीबी, माझी नणंद त्यानंच गेलेली. माझं ताट वेगळं झालं. भिंतीपलीकडं लेकरू रडायचं आणि इकडं माझी चोळी भिजायची. मी लय भ्याले. मरणाला भ्याले, पण जगले तरी लेकरू मिळायचं नाही, याला जास्त.

मालकांनी रेल्वेनं परभणीला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, मग हात पाहिला.

"चुना बाधलाय," मी म्हणाले.

"चुना नाही. हात वर ठेवून राबलात, खांद्याजवळची शीर दबली, आत रक्त गोठलं. त्यातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली. क्वचित होतं असं. टीबी नाही हा."

"मग लेकरू घेऊ?"

"घ्या. पण हा हात हलवू नका, चोळू नका. अजून एखादी गुठळी सुटली तर जीवावर बेतेल." रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी लेकरू दवाखान्यात आणून माझ्या डाव्या कुशीत ठेवलं. ते अधाशागत प्यायला लागलं. पिता पिता त्यानं माझ्या उजव्या हाताचं सुजलेलं बोट मुठीत धरलं आणि ओढायला लागलं. हात मागं घ्यावा तर हलवायचा नाही, आणि ओढण्यानं गुठळी सुटली तर?

"आत्याबाई, घ्या याला."

"का गं? डॉक्टरच म्हनले की, टीबी न्हाई."

"घ्या म्हणते ना."

त्यांनी मूठ सोडवून लेकरू उचललं. ते रडायला लागलं, आणि मी भिंतीकडं तोंड फिरवलं.