हेडबाईंची वाळू

माझा दादा कुणावर ओरडला असं कुणी सांगितलं, तर मी माझं नाव बदलीन. आमच्या घरात रागाची वाटणी झाली तेव्हा तो बहुतेक पाणी प्यायला गेला असावा, कारण सगळा राग माझ्याच पदरात पडलाय. चाळीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकलेली असायची, हा वर अंधारात तासभर दोरांशी झटत असायचा, आणि दार उघडलं की आतला साहेब याच्याच अंगावर खेकसायचा, "आत्ता उगवताय होय?" दादा म्हणायचा, "हो, आत्ताच आलो." मी एकदा तणतणले, "अरे, तासभर घाम गाळलास ते सांगत का नाहीस?" तर म्हणे, "सुटला ना बिचारा? मग झालं तर." अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

माशांची एक सहा फुटी टाकी त्याने बंद पडलेल्या एका कचेरीतून आणली. ती लिफ्टमध्ये मावेना. शेवटी चार मजले जिन्याने चढवली. लिफ्टवाल्याचीच वस्तू लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून बिल्डिंग महिनाभर हसत होती. वहिनीने बजावलं, "या घरात एकतर मासे राहतील नाहीतर मी." आणि आठवड्याच्या आत सगळ्यात मोठ्या केशरी गोल्डफिशचं नावही तिनेच ठेवलं. वहिनी शाळेत शिवण शिकवायची. तिच्या शाळेतल्या हेडबाई अशाच होत्या म्हणे, भरल्या अंगाच्या, वऱ्हांड्यातून संथ चालत सगळ्या वर्गांवर नजर ठेवणाऱ्या. हा मासा तळाच्या वाळूचा घास घ्यायचा, चघळायचा आणि थू करून टाकायचा. "हेडबाई वह्या तपासतायत," वहिनी म्हणायची.

मग वहिनीच्या मेंदूत गुठळी झाली. वाचली. बोलणं जड झालं, पण राहिलं. गेली ती तिची डावी बाजू. डोळे धड होते, पण जगाला डावीकडचा भाग असतो हेच तिचं डोकं विसरलं. ताटातलं उजवीकडचं संपलं की म्हणायची, "वाढा ना," आणि डावीकडचं सगळं तसंच. दादाने डावीकडून हाक मारली तर ही उजवीकडच्या भिंतीत त्याला शोधायची.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "डावीकडे असं काहीतरी हलतं ठेवा, जे त्यांना आपणहून बघावंसं वाटेल. मान ओढून वळवू नका." दादाने पलंग असा फिरवला की टाकी तिच्या उजवीकडून सुरू होऊन डावीकडे लांबवर जाईल. हेडबाई उजव्या कोपऱ्यातून निघाल्या की वहिनीची नजर त्यांना चिकटायची, त्यांच्याबरोबर थोडी सरकायची आणि मध्येच सुटायची. जिथे सुटली तिथे दादा काचेच्या खाली पिवळी टेप चिकटवायचा, वायरींना लावतात ती, आणि वर पेनाने तारीख घालायचा. आठ महिन्यांत सात पट्ट्या झाल्या. टाकीच्या पार डाव्या टोकाशी त्याने आपली खुर्ची ठेवली होती. रोज संध्याकाळी तिथे तासभर बसायचा. आणि वहिनी मला विचारायची, "वन्सं, हे अजून आले नाहीत?"

मला ते ऐकवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. तो आपला तिथूनच मला हाताने खुणावायचा, असू दे.

मी मदतीला म्हणून राहायला आले होते. तीस वर्षं मी एका इस्पितळात सफाईची मुकादम होते. मला लांबून येताना पाहिलं की बायका पुसलेली फरशी पुन्हा पुसायच्या. दादा मला लहानपणापासून फटाकडी म्हणतो, ते काही उगाच नाही. तर दर रविवारी दादा टाकीतली वाळू साफ करायचा, आणि ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काचेवर त्याने तीन भाग आखले होते. एका रविवारी एकच भाग. रबरी नळीचं एक टोक खाली बादलीत, दुसरं वाळूच्या बोटभर वर. काडीने वरची वाळू जराशी खाजवायची, घाण उडाली की नळी ती ओढून घ्यायची. जेवढं पाणी गेलं तेवढं न्हाणीघरातल्या दोन पिंपांमधून भरायचं. ते दोन दिवस मुरवलेलं असायचं. वाळूच्या पोटात काचेतून काळे डाग दिसायचे, त्यांना तो हातच लावायचा नाही.

"अरे, एकदाची तळापासून उपस की ती!" मी म्हणायची.

"खालचं खालीच बरं असतं गं," तो म्हणायचा.

मला वाटायचं, आळशी झालाय. आजारी बाईच्या खोलीत एवढी घाण!

त्या रविवारी सकाळी त्याला फोन आला. निवृत्त झाला तरी लोक त्यालाच बोलावतात. कुठेतरी लिफ्ट अडकली होती. पायात चपला सरकवत म्हणाला, "वाळू मी आल्यावर करतो. तू हात लावू नकोस हं, फटाकडी."

हात लावू नकोस म्हटल्यावर माझे हात शिवशिवले नाहीत असं कधी झालंय?

आधी मी पिंपं रिकामी केली. दोन दिवसांचं शिळं पाणी, वर धुळीचा पापुद्रा. ओतून दिलं, पिंपं घासली, पालथी घातली. मग कालथा घेतला आणि सहा फूट वाळू तळापासून उकरली. काळी ढेकळं फुटली, बुडबुडे आले, कुजक्या अंड्यांचा वास घरभर पसरला. बघा, किती साचलं होतं! मला तर चेवच आला. अर्धं पाणी काढून टाकलं, नळाला पाइप जोडला आणि टाकी सरळ भरली.

"वन्सं, काय करता?" वहिनीने विचारलं.

"तुझ्या हेडबाईंची शाळा झाडतेय," मी म्हटलं.

ती हसली. तेवढंच काय ते.

अर्ध्या तासात पहिला छोटा मासा उलटा झाला. मग दुसरा. गढूळपणा खाली बसत होता आणि एकेक करून ते वर येत होते. हेडबाई उजव्या कोपऱ्यात पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होत्या. मी आणखी थोडं ताजं पाणी ओतलं. मला वाटलं, ताज्या पाण्याने बरं वाटेल!

दादा अकराला आला. आमचं दार वहिनीच्या डावीकडे, त्यामुळे तो आल्याचं तिला कळलं नाही. त्याने टाकी बघितली, पालथी पिंपं बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मुरलेलं पाणी?" तो हळूच म्हणाला.

"ओतलं."

ओरडला असता तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तरी मी गप्प बसले असते. त्याने नुसता भिंतीला हात टेकला. मग म्हणाला, "खालचं विष वर आलंय. पाणी बदलायला हवं, पण नळाचं नको, त्यातलं जंतूंचं औषध त्यांनाही मारतं, ते रात्रभरात उडून जातं. कालचं पाणी शोध. कुणाकडेही मिळो."

मी सतरा दारं वाजवली. "कालचं पाणी आहे का हो, कालचं?" पहिल्या घरातली बाई म्हणाली, "गार देऊ का?" दुसरीने मान ताठ केली, "आमच्याकडे शिळं काही नसतं." तीस वर्षं शिळ्या पाण्यावरून मी बायकांना फाडून खाल्लं, आणि आता दारोदार त्याचीच भीक मागत होते. शेवटी तळमजल्यावरच्या वॉचमनकडे झाडांसाठी भरून ठेवलेलं अर्धं पिंप निघालं. लिफ्टची वाट बघायला जीव थाऱ्यावर कुठे होता? दोन बादल्या घेऊन चार मजले चढले. गुडघे ओरडत होते. उतरले, पुन्हा दोन आणल्या. माशांच्या दुकानदाराला दादाने फोन केला, तर तो म्हणाला, नळाच्या पाण्यातलं औषध मारणारे थेंब देतो, पण आज रविवार, मला दुकानापाशी पोचायला तास लागेल. तास! तो कुठून आणायचा?

तिसऱ्या खेपेला वर आले तेव्हा छोटे सगळे संपले होते. हेडबाई आडव्या झाल्या होत्या, पण कल्ले हलत होते. दादा टाकीच्या मागे उभा होता. टाकीचं पत्र्याचं झाकण वहिनीच्या बाजूला उभं उघडायचं, त्यामुळे तिला तो दिसत नव्हता, दिसत होता फक्त पाण्यातला हात. त्या हातावर हेडबाईंना सरळ धरून तो उजवीकडून डावीकडे चालवत होता. तोंडातून पाणी आत जावं, कल्ल्यांतून बाहेर यावं, म्हणून. टोकाला गेला की परत आणायचा, पुन्हा हळूहळू न्यायचा. लहान मुलाला चालायला शिकवतात तसा.

"चला बाई," तो पुटपुटत होता. "चला, अजून तास संपलेला नाही."

"यांचा आवाज आला का?" वहिनी उजवीकडच्या भिंतीला म्हणाली. मग तिची नजर पाण्यात गेली आणि हेडबाईंना चिकटली. तिसरी पट्टी, पाचवी, सातवी. सुटली. पुढच्या फेरीत पुन्हा सातवी, आणि सुटली. मी बादली हातात धरून तशीच उभी. दादाचं लक्ष नव्हतं. त्याचं सगळं लक्ष त्या दोन कल्ल्यांवर होतं.

किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. शेवटच्या फेरीत हात फार हळू चालला. सातवी पट्टी आली आणि गेली. वहिनीची मान उशीवरून उचलली गेली, तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण नजर सुटली नाही. जिथे पट्टीच नव्हती तिथून ती पुढे गेली. हात टोकाला पोचला आणि थांबला. परत फिरला नाही. कल्ले थांबले होते.

दादाने हेडबाईंना ओंजळीत पाण्याबाहेर काढलं आणि तो टाकीमागून येऊन मटकन आपल्या खुर्चीत बसला. उभ्या जन्मात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता रडत होता, खांदे तेवढे हलत होते. माझं वाटोळं होवो, एवढंच माझ्या मनात येत होतं.

वहिनीची नजर केशरी रंगाबरोबर पाण्यातून बाहेर आली, ओंजळीवर थांबली, ओल्या बाहीवरून वर चढली आणि त्याच्या तोंडावर येऊन टेकली.

"अगंबाई," ती म्हणाली. "तुम्ही कधी आलात?"

दादाने वर बघितलं.

"आत्ताच," तो म्हणाला.

"मग हात पुसा आधी," वहिनी म्हणाली. "बाह्या भिजल्यात सगळ्या."