बेटावरचा ढावलो



संयुक्त महाराष्ट्र नुकताच झाला होता. यवतमाळ जिल्ह्यात महागावच्या बाजूला एका ठाण्यात मी फौजदार होतो. खात्यात येण्याआधी मी चळवळीची पत्रकं छापून वाटणारा माणूस. तोंड तेव्हाही फटकळ होतं, आजही आहे.

जवळच्या बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे. त्याची लेक, जावई आणि तांड्यातली आणखी दोन जोडपी एका मुकादमानं समुद्राकडे नेली होती. नारळाच्या बागेत काम आहे, होळीला आणून सोडतो, म्हणाला होता. होळी झाली, पोळाही झाला.

हवालदार त्याला हुसकावी. "अबे, पोरगी कामाले गेली ना? मंग काम करून राह्यली असंन! रोज कायले येतं?"

"माही पोरगी होळी चुकवत नाही, साहेब," एवढंच तो म्हणे.

सज्ञान माणसं आपखुशीनं गेली, गुन्हा कशाचा नोंदवायचा? असं म्हणून आम्ही हातावर हात ठेवून बसलो. कायदा हे आळशी माणसाचं फार सोयीचं पांघरूण आहे.

खबर आणली ती खबऱ्यानं नाही. गावातले एक वकील बंदुकीच्या परवान्यासाठी ठाण्यात आले. नुकतेच सहकुटुंब समुद्र पाहून आलेले. चहा घेताना रंगात आले. होडीतून बेटावर जायचं, तिथलं राखीव जंगल, पांढरे पक्षी, कासवं आणि शेवटी बेटाच्या 'मूळ रहिवाशां'चं नाचगाणं!

"गळ्यात शिंपल्यांच्या माळा, कमरेला झावळ्या. नाच ठीकच हो. पण एक बाई, फौजदारसाहेब! तोंड झाकते, दुसरीच्या गळ्यात पडते आणि असा लांब सूर काढते! आमच्या मंडळींनी तिला पुन्हा म्हणायला लावलं."

पायरीवरचा नायक उठून आत आला. "ते गाणं नव्हे, वकीलसाहेब. आमच्यात पोरगी सासरी निघाली का मायच्या गळ्यात पडून रडते, तो ढावलो हाय. तुम्ही तिले पुन्हा रडाले लावलं."

वकील हसले. "नायक, समुद्रातल्या बेटावर कुठले आले बंजारे?"

वरिष्ठांची परवानगी काढून मी दोन शिपाई आणि नायकाला घेऊन निघालो. तिथल्या ठाण्याची मदत घेऊन बेटावर उतरलो. ढावलो म्हणणारी नायकाचीच लेक होती. बाकीची दोन जोडपीही तिथंच होती. बापाला पाहून ती रडली नाही. तिनं विचारलं, "ते घरी पोचले ना?"

तिचा नवरा घरी पोचलाच नव्हता.

मुकादमाला ठाण्यात आणून समोर बसवलं. हात शिवशिवत होते, पण लावला नाही.

"म्या कोणाले बांधलं काय, साहेब? उलट फुकटात दर्या दाखवला!"

"हिचा नवरा कुठंय?"

"पळाला, बायको टाकून."

"बेटाला होडी एकच, आणि ती तुझी. मग पळाला कशातून?"



बाकीचं लेकीनं जबाबात सांगितलं. बाग नाही, नाचायचं आहे, हे बेटावर उतरल्यावर कळलं आणि नवरा भडकला. मुकादम होडी देईना. दुसऱ्याच दिवशी खाडीचं पाणी ओसरताना त्यानं पाहिलं. आमच्याकडे उन्हाळ्यात पैनगंगा आटते, माणसं-बैल पात्रातून चालत पलीकडे जातात. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. नदी आटली समजून, "पोलीस घेऊन येतो," असं सांगून तो चिखलातून चालत निघाला. मग भरती आली. ती तेव्हा पाहुण्यांपुढे उभी होती.

मी मुकादमाला विचारलं, "तो बुडत होता तेव्हा होडी का नाही सोडलीस?"

"होडीत दुसरे पाहुणे बसून राह्यलते, साहेब. त्याईचे कपडे भिजले असते."

तिथल्या ठाण्यात बुडून मेलेल्या अनोळखी इसमाची नोंद सापडली. त्याच्या हातातलं कडं नायकानं ओळखलं.

खटला उभा राहिला. ते पाहुणे कोण, कुठले, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. बचावाच्या बाजूनं साक्षीला आले आमचे वकीलसाहेब. शपथेवर म्हणाले, "माणसं आनंदी दिसत होती." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं दिसलं होतं, आणि याचीच मला जास्त चीड आहे. संशयाचा फायदा मिळून मुकादम सुटला.

गुन्हेगाराला आडोसा लागतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. हौशी, सुसंस्कृत प्रेक्षक हा सगळ्यात पक्का आडोसा असतो, हे या केसनं शिकवलं.

समुद्र बघायला जा, बेटं बघा, पक्षी बघा. मी कोण अडवणारा? पण समोर कोणी नाचायला उभं केलं, तर टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा, गाव कोणतं तुझं? आणि परत जायचं झालं, तर होडी कोणाच्या ताब्यात आहे?