लाँचचा क्रँक आणि खडूची पूड

मिस्त्रीणबाई काही जन्मापासून मिस्त्रीण नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना कुठला आणि पक्कड कुठली, एवढंही कळत नव्हतं. सासऱ्यांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप घराला लागूनच, मधे नुसतं एक दार. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मग सासरे तिकडून हाक मारायचे, "सूनबाई, तो चौदाचा पाना दे गं," की ही हातातलं काम टाकून जायची. असं देता देता कधी तिनं स्वतःच नट आवळायला घेतला, ते तिलाही आठवत नाही. पंधरा वर्षं झाली त्याला. आता हात तिचे आणि नाव सासऱ्यांचं, असा कारभार.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांचं नाव झालं ते कानामुळे. क्रँक म्हणजे कसं, इंजिनाच्या पोटात एक जाडजूड, वाकडातिकडा दांडा असतो. पिस्टन वरखाली होतात आणि हा गोल फिरतो. सगळा भार बिचाऱ्यावर. तो बाहेर काढला की आबा दोरीनं वरच्या लोखंडी दांडीला टांगायचे आणि हातोडीनं हळूच एक ठोका द्यायचे. धड असला तर घंटेसारखा घुमत राहतो. आत कुठं भेग असली तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. आबा डोळे मिटून ऐकायचे. "आहे" म्हणाले की क्रँक धड आहे, "नाही" म्हणाले की नाही. पुढं कुणी हुज्जत घालायची नाही.

त्या दिवशी जो क्रँक आला, तो तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. भाऊ नदीवर प्रवाशांची लाँच चालवतो. पलीकडच्या काठाला नवा कारखाना उघडला होता आणि कामगारांना न्यायचं-आणायचं काम याला मिळालं होतं. सोमवारपासून सुरू. तेवढ्यासाठी दोन वर्षं खेटे घातले होते त्यानं. आणि गुरुवारी इंजिन जाम झालं. आतलं ऑइल कधीच तळाला गेलेलं.

"आधी खडखड आली असेल की रे," मिस्त्रीणबाई म्हणाली.

"आली ना ताई, चार दिवस येत होती. मला वाटलं, मागं कुणीतरी घोरतंय."

"चार दिवस घोरत होतं?"

तिनं क्रँक पुसला, मापं घेतली. बेअरिंग बसतं त्या गोल जागेवर ओरखडेच ओरखडे. पण ते फारसं वाईट नसतं. आधी दोनदा घासून झाला होता, अजून एकदा घासून जाडं बेअरिंग टाकता आलं असतं. माप बसत होतं. "होईल बहुतेक," ती म्हणाली, आणि भावाच्या जिवात जीव आला.

मग आबा उठले. क्रँक टांगला, ठोका दिला, डोळे मिटले.

"आहे," म्हणाले. "खणखणीत आहे, पाहुणे. लावा कामाला."

मिस्त्रीणबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला घुमलेलं काहीच ऐकू आलं नव्हतं. बद्द वाजलं आणि तिथंच विरलं. वर्षभर आबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होते, हाक मारली तर ओ देत नव्हते. वय झालं, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं. ठोक्याचा आणि त्याचा संबंध काही तिनं लावला नव्हता.

पण भावासमोर ती चकार शब्द बोलली नाही. तिनं क्रँक खाली घेतला, रॉकेलनं न्हाऊ घातला, फडक्यानं कोरडा ठणठणीत पुसला आणि वरून खडूची पूड भुरभुरली. यात जादूबिदू काही नाही. भेगेत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पूड ओली करतं. तिघंही बघत बसले. गोल जागा जिथं बाजूच्या जाड पाट्याला मिळते ना, त्या कोपऱ्यात एक बारीक काळसर रेघ उमटली. नखाएवढी.

"ओरखडा आहे," आबा म्हणाले. आवाज जरा चढलाच. "माझ्या ठोक्यावर कुणी पूड टाकली नव्हती आजपर्यंत."

"ओरखडा असेल तर घासल्यावर जाईल, आबा. भेग असेल तर जाणार नाही. तुम्हीच शिकवलंय."

तिनं पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास तो कोपरा घासला. आरशासारखा केला. पुन्हा रॉकेल, पुन्हा फडकं, पुन्हा पूड. रेघ परत आली, ती आधीपेक्षा लांब.

"हा बसवायचा नाही," ती म्हणाली. "नवा मागवू."

"नवा यायला महिना लागेल. सोमवारी मी काय वल्हं मारू?" भाऊ उसळला. "आबा 'आहे' म्हणाले ना? मी हळू चालवीन. दोन महिने काढू दे फक्त."

"हळू चालवलास म्हणून भेग थांबणार आहे का? मधल्या धारेत तुटला तर? चाळीस माणसं असतात तुझ्या लाँचमध्ये."

"तू नको बसवूस. वेल्डिंगवाला भरून देईल." त्यानं क्रँक उचललाच. मग आबांकडे वळला. "तुम्ही सांगा हो हिला."

मिस्त्रीणबाई आबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, तिचं तोंड त्यांना नीट दिसेल अशी. "आबा," ती म्हणाली, "ठोका ऐकू आला का तुम्हाला?"

टोमणा नव्हता त्यात. आबांनी हातातली हातोडी खाली ठेवली.

"ठोका बसला ते हाताला कळतं," ते म्हणाले. "कानाला नाही. पाहुणे, तुम्ही असे आशेनं बघत होता, तुमचं तोंड बघून मी 'आहे' म्हणालो. ठेवा तो खाली."

भावानं क्रँक खाली ठेवला. वाद घालायला आता कुणी उरलंच नव्हतं.

"ठेवला तर उद्या परत मोह होईल," मिस्त्रीणबाई म्हणाली. "तुला आणि मलाही. कापून टाकते. पण वस्तू तुझी आहे, तू हो म्हण."

त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "काप."

आबांनी क्रँक दोन्ही हातांनी घट्ट धरला, तिनं ग्राइंडर लावला. ठिणग्या उडल्या आणि दोन तुकडे झाले.

सोमवारी भाऊ धक्क्यावर गेला. दुसऱ्या लाँचवाल्याला त्यानंच निरोप धाडला होता. आपल्या हातानं एकेका कामगाराला त्यानं त्या लाँचमध्ये चढवलं. कारखान्याच्या मुकादमानं विचारलं, "तुझी कुठाय?" हा म्हणाला, "महिनाभर नाही." मुकादम म्हणाला, "मग महिन्यानं बघू," आणि त्यात हो होतं की नाही, ते काही कळलं नाही.

इकडे आबा सकाळीच चपला घालून तयार. वर्षभरात त्यांनी "आहे" म्हणून पास केलेले चार क्रँक त्यांना पाठ होते, कुठल्या कुणाचे ते. ते परत तपासायला मिस्त्रीणबाईनं रॉकेलचा डबा, खडूची पूड आणि पान्यांची पिशवी उचलली.

"मालकाशी मी बोलेन," आबा म्हणाले. "चूक माझी आहे. तू इंजिन खोल."

पहिलं घर लाकूड कापायच्या गिरणीवाल्याचं होतं. तो दारातच कपाळाला आठ्या घालून उभा राहिला. आबा पुढं झाले आणि म्हणाले, "मालक, तुमच्या क्रँकला मी 'आहे' म्हणालो होतो, पण ठोका मला ऐकूच आला नव्हता."