पंख्याचा फोटो

कॅमेऱ्याच्या दुकानात माझ्या आधी एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आई होती. "सुरुवातीला हाच घ्या," दुकानदार सांगत होते. "सोबत येते ती लेन्स घरच्या फोटोंना पुरते. एक काढून तर बघा." मुलीने कॅमेरा आईकडे वळवला. आईने पदर सारखा केला आणि तोंडापुढे हात धरला. "माझा कशाला? त्या पंख्याचा काढ." तोवर मुलीने बटण दाबलं होतं.

माझी आईही असंच म्हणायची. घरोघरच्या अल्बममध्ये अशा बायकांनी केलेले लाडू दिसतात, त्या दिसत नाहीत. आई गेली तेव्हा हार घालायला तिचा एकटीचा फोटोच सापडला नाही. शेवटी मामेबहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केला. त्यात तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय. कुणाचा, ते घरात कुणालाच आठवत नाही. तो फोटो बघून मला अजून रडू आलेलं नाही. काहीच आलेलं नाही. कॅमेरा आता कुणासाठी घेतोय, तेही मला सांगता आलं नसतं.

"ट्रायलचा फोटो उडवतो हं," दुकानदार म्हणाले.

"उडवा," मुलगी म्हणाली.

राहू दे, असं तिला सांगावंसं वाटलं. तोवर दुकानदारांनी तो उडवला होता.

मग तोच कॅमेरा माझ्या हातात आला. "काढून बघा एक."

समोर उभं राहायला माझ्यासोबत कुणी नव्हतं. मी पंख्याचा काढला. पंखा अगदी लख्ख आला.