पदराखालची बाटली

आमचा पहिला मुलगा रांगायला लागायच्या आधीच गेला. नंतर झालेल्या मुलांना तो होता एवढंच माहीत आहे. मी कधी बोलले नाही, म्हणून त्यांनीही विचारलं नाही. माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. त्या गेल्या. आता लिहिण्याखेरीज काही उरलं नाही.

माझं माहेर खर्ड्याकडचं, सासर राहुरीजवळ. त्या वर्षांत आमच्याकडं विहिरी तळाला गेलेल्या, माणसं खडी फोडायला जायची. इकडं सासरी पाटाच्या पाण्यावर ऊस उभा. बाळंतपण माहेरी झालं. बाळाला घेऊन सासरी आले तेव्हा अंगावर दूध जेमतेम होतं आणि दिवसेंदिवस आटत चाललं होतं.

थोरल्या जाऊबाईंचं पोर माझ्या बाळाहून थोडं मोठं. त्यांना इतकं दूध की चोळी भिजायची. एकदा ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. बाळ रडायला लागलं तशा त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडं हिरीलाच पानी न्हाई, तर तुझ्या अंगाला कुठनं येनार? आन इकडं, माझ्याकडं दे."

सगळ्या हसल्या. जाऊबाईंच्या मनात वाईट नव्हतं, त्यांनी खरंच हात पुढं केला होता. आणि मी म्हणाले, "लई हाय मला. आत्ताच तर पाजलंय." भुकेलं पोर छातीशी दाबून मी आत गेले. त्या हातात बाळ दिलं असतं तर आज कदाचित तो शेतात उभा असता.

आमचे हे तेव्हा साखर कारखान्यात कारकून होते. अंगावरचं पुरत नाही, हे त्यांना मी खोलीत सांगितलं. त्यांनी नगरहून पिशवीत भाजीखाली दडवून एक काचेची बाटली आणली. आता दूध कुठून आणायचं? तर आत्याबाई मला अंगावर दूध यावं म्हणून रोज पेला भरून गाईचं दूध द्यायच्या. "समदं पी गं, तळाला ठिऊ नको." ते मी आत नेऊन बाटलीत ओतायचे, थोडं पाणी घालायचे. मग ओट्यावर भिंतीला टेकून बसायचं, पदर ओढून घ्यायचा आणि आत बाटली लावायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई पाजतीय.

पदराखाली मला काही दिसायचं नाही. बाटली आडवी, निपलमध्ये निम्मं दूध, निम्मी हवा. बाळाचं पोट ढोलकीसारखं व्हायचं. पाय पोटाशी ओढून घ्यायचं आणि पाजलेलं सगळं आंबट होऊन नाकातोंडातून परत यायचं. आत्याबाईंनी ओव्याचा शेक दिला, बेंबीभोवती हिंग लावला, रोज सकाळी सहाणेवर वेखंड आणि मुरडशेंग उगाळून गुटी चाटवली. काही फरक पडेना.

यांनी दुकानदाराला विचारलं आणि दोन बाटल्या घेऊन आले. जी ठरेल ती ठेवायची, दुसरी परत. दोन्ही पलंगावर ठेवल्या.

"ही उभी घे," हे म्हणाले. "ओकणाऱ्या पोराला हीच बरी, म्हणाला. मांडीवर उठवून धरायचं, बाटली वर धरायची, म्हणजे तोंडाशी हवा राहत नाही. मग खांद्यावर घेऊन थोपटायचं. ढेकर आल्याशिवाय खाली ठेवायचं नाही."

"आन ही?"

"ही नावेसारखी. मागं रबराचं टोपण आहे बघ, त्यातनं हवा आत जाते. पण हिच्यातही पोराला उठवूनच पाजायचं, म्हणाला."

मी एकेक बाटली पदराखाली धरून पाहिली. उभी बाहेर डोकावत होती. नावेसारखी तळहातात बसली, वरून काही कळेना.

"हीच ऱ्हाऊ द्या."

"तू पोराचं पोट बघतीस का तुझा पदर?" हे हसत म्हणाले. मी ती बाटली लुगड्यांच्या घडीत सारली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या खेपेला ती उभी बाटली नगरला परत गेली.

नावेची बाटली मागच्या टोपणातून थेंब थेंब गळायची. पदराला ओला डाग पडायचा आणि त्याला गाईच्या दुधाचा वास. मग मी त्या टोपणावर चिंधी गुंडाळून दोऱ्यानं आवळून टाकली. गळणं थांबलं. पण हवा आत जाईना, निपल चपटं व्हायचं, बाळ ओढून ओढून दमायचं, सोडायचं, हवा गिळायचं, रडायचं.

मला हे कळत नव्हतं असं नाही. एकदा घरात कुणी नसताना मी चिंधी सोडून, बाळाला उठवून पाजलं होतं. दुधात बारीक बुडबुडे वर गेले आणि बाळ शांतपणे प्यायलं. खांद्यावर घेतल्यावर मोठा ढेकर दिला. एवढ्याशा जिवाचा एवढा मोठा ढेकर ऐकून मला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बायका जमल्या आणि मी पुन्हा चिंधी आवळली.

बाळाचं अंग भरेना, तेव्हा त्याला नगरच्या दवाखान्यात नेलं. बरोबर हे आणि आत्याबाई. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, वजन केलं. मग विचारलं, "वरचं दूध देता का?"

"न्हाई वो," आत्याबाई म्हणाल्या. "अंगावरच पितंय. मी सोता बघती की रोज."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा."

माझ्या शेजारी आत्याबाई उभ्या होत्या. हे भिंतीकडं बघत होते.

"अंगावरच," मी म्हणाले.

"मग काळजी नाही. काही मुलं ओकतात, बसायला लागली की थांबतं. आईला नीट खायला घाला, म्हणजे वजन वाढेल."

घरी आल्यावर आत्याबाईंनी माझा पेला मोठा केला.

बाळ गेलं त्या दुपारी आत्याबाईंच्या माहेरच्या बायका आल्या होत्या. मी त्यांच्यात बसूनच पाजलं. खांद्यावर घेतलं असतं तर लुगड्यावर ओकलं असतं, कुणाला तरी वास आला असता. म्हणून तसंच झोळीत घातलं, चार झोके दिले आणि चहा ठेवायला गेले. बायकांना वाटेला लावून झोळी उघडली. नाकातोंडावर दूध होतं. बाळ गार पडत होतं.

गावातल्या बायका म्हणाल्या, हिचं दूधच बाधलं. दूध नाही म्हणून कुणी हसू नये यासाठी एवढं केलं, आणि अखेर दुधावरच ठपका आला. तोही मी घेतला. बाटली सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

पण आत्याबाईंना वेगळंच वाटत होतं. एकदा चुलीपुढं त्या अचानक म्हणाल्या, "पोरी, त्या दिशी येखंड जास्त उगाळलं गेलं गं माज्याकडनं. माज्या हातानं गेलं तुझं लेकरू."

तेव्हा बोलायला हवं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "न्हाई वो आत्याबाई. त्येचं तेवढंच हुतं."

एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही, होणारही नव्हतं. त्यानंतर त्यांनी कुठल्याच नातवंडाला गुटी दिली नाही. माझं दुसरं झालं तेव्हा मी स्वतः म्हटलं, द्या की. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. "नगं. माजा हात बरा न्हाई." त्यांच्या शेवटापर्यंत ते ओझं त्यांच्याकडं राहिलं आणि मी ते राहू दिलं.

काल मी हे लिहीत होते तेव्हा यांनी विचारलं, काय लिहितीस. मी सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघं यावर एक शब्द बोललो नव्हतो. बराच वेळ ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले. मग म्हणाले, "दवाखान्यात मीही होतो, ते लिही."

लिहिलं आहे, मी म्हणाले. ते चपला घालून बाहेर गेले. जेवायला हाक मारली तरी आले नाहीत.