अकरा गोल आणि गोलामागची जागा

भाचीला सांगोल्याला परत न्यायला दादा रविवारी येणार होता. म्हणून आम्ही शनिवारीच पुण्याला जायचं ठरवलं. खरं तर ठरवलं मी. कोमलला फक्त एवढंच सांगितलं, "बालेवाडीला मुलींची आंतरराष्ट्रीय मॅच आहे, आपण जातोय."

कोमल माझ्या भावाची मुलगी. अकरावीला सोलापुरात आली आणि शुक्रवार पेठेत आमच्याकडे राहू लागली. कॉलेजच्या फुटबॉल संघाची ती गोलकी, म्हणजे गोलरक्षक. गेल्या सामन्यात तिच्यावर सात गोल झाले आणि संघातल्या मुलींनी तिचं नाव 'चाळण' ठेवलं. त्या दिवसापासून ती मैदानावर गेली नाही. मग कॉलेजही नको झालं. घरी वडिलांना फोन करून म्हणाली, "आण्णा, मला घिऊन जावा." मी खूप समजावलं. पण मला फुटबॉलमधलं कळतं ते टीव्हीवर चार वर्षांतून एकदा बघण्यापुरतं. माझ्या समजावण्याला वजन कुठून येणार?

सोलापूर स्टँडवरून पहाटेची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, निमित्त शोधत बसू नका. रस्ता चांगला आहे. टेंभुर्णीपर्यंत डोळा लागतो आणि इंदापूर गेलं की डावी-उजवीकडे ऊस दिसायला लागतो. भिगवणला गाडी नाश्त्याला थांबली. तिथला चहा बरा आहे, वड्याच्या वाटेला जाऊ नका. कोमल खिडकीला डोकं टेकून बसली होती. "तुला काय खायचं?" विचारलं तर म्हणाली, "गोल खाल्ल्यात की सात. पोट भरलंय." स्वतःवरच विनोद करत होती, पण मला हसू आलं नाही.

स्वारगेटहून बालेवाडीची सिटी बस मिळते. गर्दी असते, तासभर हाताशी ठेवा. स्टेडियमच्या दारात आमची पिशवी उघडली गेली. पाण्याची बाटली काढून ठेवली, ते ठीक. पण सुरक्षारक्षक बाईंनी आमची कडक भाकरी बाहेर काढली, बोटाने टकटक वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "मॅडम, फेकण्याजोगी वस्तू आत चालत नाही."

"अहो, भाकरी आहे ती! सोलापूरची!"

"असेल. पण लागली कुणाला तर?"

आम्ही दोघी दाराबाहेर कट्ट्यावर बसलो आणि शेंगाचटणीबरोबर ती वस्तू संपवली. त्या दिवसात कोमल पहिल्यांदा पोटभर जेवली.

सगळ्यात स्वस्त तिकीट गोलामागचं असतं, तेच मी मोबाइलवर काढलं होतं. कोणते दोन देश खेळत होते ते लिहीत नाही. हरलेल्या मुलींच्या देशापुढे तो आकडा मला पुन्हा मांडायचा नाही. एक संघ पिवळ्या कपड्यांतला, एक निळ्या. निळ्यांची गोलकी आमच्या समोरच उभी होती, कोमलपेक्षा फार तर दोन बोटं उंच.

पहिला गोल लगेच झाला. पाठोपाठ दुसरा. मला वाटलं, आता निळ्या सावरतील. कसल्या सावरतात! पिवळ्या मुली पाण्यासारख्या येत होत्या. आधी लोक ओरडत होते, मग हसायला लागले. मागून एक जण म्हणाला, "तिला खुर्ची द्या रे बसायला!" मध्यंतरापर्यंत सहा झाले. मी कोमलकडे बघायचं टाळत होते. हे काय दाखवायला आणलं मी पोरीला? घरी जाऊन ती बॅगच भरेल.

मध्यंतर संपलं. बघते तर समोरच्या गोलात वेगळीच मुलगी, पिवळ्यांपैकी. शाळेत मी खो-खो खेळलेली. मला एकच हिशोब माहीत.

"बाद केलं का गं तिला? गेली की बाहेर बिचारी!"

कोमलने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आत्या! अर्ध्यात बाजू बदलत्यात! ती बग, तिकडं हाय. फुटबॉलात गोल खाल्ला म्हणून कुणी बाद हुत न्हाय."

एवढं बोलून ती एकदम थांबली. मग उठली. "चल, तिकडं जाऊ."

सगळ्या स्टेडियमला वळसा घालून आम्ही पलीकडच्या टोकाला गेलो. दोन स्टँडच्या मधल्या दारावरचा मुलगा हसून म्हणाला, "गोल बघायला ना? सगळे तिकडेच चाललेत."

"गोल न्हाय," कोमल म्हणाली, "गोलकी बगायला."

तिथे पुढच्या रांगेत जागा मिळाली. सातवा झाला, आठवा झाला. दर वेळी ती निळी मुलगी जाळ्यातला चेंडू काढायची, पुढे भिरकावायची आणि ओरडायला लागायची. भाषा आम्हाला कळत नव्हती, हात मात्र कळत होते. तू इकडे, तू मागे, तिला धर. दहावा झाला तेव्हा तिचा आवाज पार बसला होता, तरी ती ओरडतच होती.

कोमल पुढे वाकून बघत होती. हळूच म्हणाली, "मी चौथ्यानंतर गप झाले हुते, आत्या. कुणालाच काय सांगितलं न्हाय. म्हणून पुढचे तीन झाले."

अकरावा झाला, शिट्टी वाजली. कोमल उभी राहून टाळ्या वाजवत होती. मीही उभी राहिले. आसपासचे लोक विजेत्यांचे फोटो काढत होते. निळ्या मुलीने मोजे सारखे केले, आमच्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या संघाच्या मागोमाग निघून गेली.

परतीच्या एसटीत आम्ही दोघी झोपलो. दमवणारी सहल आहे, एका दिवसात करायची तर दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका. आमचं ठरलेलं होतं. सकाळीच दादा आला. कोमलची बॅग कुठे दिसेना म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आण्णा, जेवून जावा," कोमल स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी हितंच ऱ्हातीय. उद्या सराव हाय."

दादा खाटेवर टेकला. "एवढं काय बगितलं गं पुण्यात?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्या पोरीनं किती खाल्ले म्हणालीस?"

"अकरा."

"आन आमचीनं?"

"सात."

दादाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मग चार गोलांनी आमचीच भारी की!"

"आण्णा, तसलं गणित नसतंय त्यात!" आतून कोमल ओरडली. एवढ्या मोठ्याने, की समोरच्या घरातल्या काकू खिडकीत आल्या. महिन्याभरात या घरात तिचा इतका आवाज आम्ही ऐकला नव्हता.